शंभर शब्दांत मावलेल्या गोष्टी

मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने आमच्या गावातल्या वाचनालयाने यंदा शतशब्दकथांची स्पर्धा घेतली आणि आलेल्या कथा वाचून निवड करण्याचे काम माझ्याकडे व एका निवृत्त मराठी शिक्षकांकडे सोपवले. एकूण ७३ कथा आल्या. शंभर शब्द वाचायला मिनिटभर पुरते, तेव्हा दोन संध्याकाळी बसलो की काम उरकेल, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात ते कागद तीन आठवडे माझ्या टेबलावर होते आणि काही कथा मी आठ-दहा वेळा वाचल्या. निकाल लागला, बक्षिसेही दिली गेली, परंतु समारंभात बोलायला मिळालेल्या पाच मिनिटांत या कथांना न्याय देता आला नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे. कथा कोणाच्या आहेत ते सांगणार नाही. ज्यांच्या कथांबद्दल लिहिले आहे त्यांना तसे आधी विचारले आहे.

पहिला प्रश्न शब्द मोजण्याचाच होता. नेमक्या शंभर शब्दांच्या कथेचा पायंडा इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या विज्ञानकथाप्रेमी मंडळींनी १९८० च्या दशकात पाडला. ही अट मराठीत आली तेव्हा तिचे मापही बदलले, हे आपल्या फारसे लक्षात येत नाही. आपले विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात. ‘दारामागून’ हा आपला एक शब्द; हिंदीत तेवढ्यासाठी ‘दरवाज़े के पीछे से’ असे चार शब्द खर्ची पडतात. शिवाय नुसते ‘आला’ म्हटले तरी येणारा पुरुष आहे, एकटा आहे आणि येऊन पोहोचला आहे, इतके सगळे त्या दोन अक्षरांत कळते, कर्ता लिहावाही लागत नाही. म्हणजे मराठीतले शंभर शब्द चांगलेच ऐसपैस असतात, आणि ज्यांना ते पुरले नाहीत त्यांनी बहुधा कथेऐवजी कथेचा सारांश लिहायला घेतला होता. काहींनी संख्या जुळवण्यासाठी ‘घरा समोर’ असे तोडून लिहिले, तर काहींनी ‘सांगूनटाकले’ असे जोडून. आम्ही त्यावरून कोणाला बाद केले नाही. मात्र ब्याण्णव शब्दांवर संपलेली कथा शंभरावर नेण्यासाठी पेरलेले ‘अगदी’, ‘खूप खूप’ आणि ‘खरोखरच’ वाचताना खड्यासारखे दाताखाली येतात, एवढे नोंदवून ठेवते.

आता मुख्य गोष्ट. या ७३ पैकी १९ कथांची घडण एकच होती. निवेदक ‘ती’ची वाट पाहतो, तिच्या आठवणीने व्याकूळ होतो, तिच्या चाहुलीने मोहरतो आणि शेवटच्या ओळीत ती म्हणजे लोकल, झोप, छत्री किंवा गल्लीतली कुत्री असल्याचे आपल्याला कळते. ही युक्ती मराठीत इतकी सोपी का आहे, हे मला या निमित्ताने नीट उमगले. आपल्याकडे निर्जीव वस्तूंनाही लिंग आहे, त्यामुळे एका ‘ती’च्या आड अवघे जग लपवता येते. पण वाचकापासून लपवलेली माहिती आणि कथेत न सांगितलेली गोष्ट या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. पहिलीत लेखकाला आणि पात्राला सगळे ठाऊक असते, फक्त वाचकाला ते कळू दिलेले नसते. कळले की संपले. दुसरीत पात्रालाच ती गोष्ट उच्चारवत नसते, आणि वाचकाला ती कळली तरी ती तशीच न उच्चारलेली राहते. शेवट माहीत झाल्यावर कथा पुन्हा वाचावीशी वाटते का, एवढी एकच कसोटी मी अखेरपर्यंत धरून राहिले, आणि त्या १९ कथांपैकी एकही तिला उतरली नाही.

दुसरा दोष जुना आहे आणि त्याला परंपरेचे पाठबळही आहे. मराठी गद्याच्या अगदी आरंभी, महानुभाव पंथातल्या केसोबासांनी सिद्ध केलेल्या ‘दृष्टांतपाठा’त, श्रीचक्रधरांचे ११४ दृष्टांत आहेत आणि त्यांची मांडणी सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी तीन अंगांची आहे: आधी सिद्धांत, मग गोष्ट, आणि मग ती गोष्ट कशाला लागू पडते याचा उलगडा. तेथे प्रयोजन शिष्यांना समजावून देण्याचे होते, त्यामुळे तिसरे अंग अपरिहार्यच होते. आमच्या स्पर्धेतल्या कितीतरी लेखकांच्या हातातून ते अंग अजून सुटलेले नाही, असे मला राहून राहून वाटले. वृद्धाश्रमाच्या फाटकाशी मुलाची गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभी राहणारी आई एका कथेत फार चांगली उतरली होती. तिने हात हलवला नव्हता, कारण त्या हातात मुलाने घाईघाईने दिलेला सुट्या पैशांचा पुडका होता. आणि त्यानंतर लगेच वाक्य आले होते: ‘शेवटी आई ती आईच!’ त्या चार शब्दांनी तो पुडका हातातून पडला. मला मनापासून वाईट वाटले, कारण ज्या लेखिकेला हात न हलवण्याचे कारण सुचते तिला त्या वाक्याची काहीच गरज नव्हती.

जी कथा मी सर्वांत अधिक वेळा वाचली ती हयातीच्या दाखल्याची. नोव्हेंबर महिना आहे, निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून बँकेत दाखला द्यायचा आहे आणि एक गृहस्थ कपाटातली कागदपत्रांची पिशवी शोधत आहेत. पिशवी सापडते. आत लिफाफे आहेत, प्रत्येकावर वळणदार अक्षरात ‘वीजबिल’, ‘घरपट्टी’, ‘नोव्हेंबर’ असे लिहिलेले आहे. नोव्हेंबरच्या लिफाफ्यात दोन कोरे अर्ज आहेत, दोन झेरॉक्स आहेत आणि टाचणी लावून ठेवलेले दोघांचे फोटो आहेत. ते आपला अर्ज बाहेर काढतात. दुसरा पुन्हा आत ठेवताना त्याची मुळातली घडी मोडणार नाही याची काळजी घेतात. कथा येथे थांबते. पत्नी गेली, असे कोठेही म्हटलेले नाही. ‘पत्नी’ हा शब्दसुद्धा नाही. मागच्या नोव्हेंबरमध्येच कोणीतरी पुढच्या वर्षाची तयारी करून ठेवली होती आणि ती दोघांसाठी केली होती, हे त्या ‘दोन’ या अंकातून कळते. आणि ‘हयातीचा दाखला’ या रुक्ष सरकारी शब्दाकडे मी यापुढे पूर्वीच्या नजरेने पाहू शकेन, असे मला वाटत नाही.

शेतकरी आत्महत्येवर अकरा कथा होत्या. विषय इतका मोठा आणि इतका जवळचा आहे की त्यावर लिहिणाऱ्याच्या तळमळीविषयी शंका घेण्याचा अधिकार मला नाही. तरीही दहा कथांत मृत्यू शेवटच्या ओळीत आला, आणि तो माणसाचा मृत्यू म्हणून येण्याऐवजी कथेला पूर्णविराम हवा म्हणून आला. अकरावी वेगळी होती. त्यात एक बाई रोज रात्री सगळे निजल्यावर कीटकनाशकाची बाटली ओसरीवरून उचलते, ज्वारीच्या कणगीत खोल दडवते आणि पहाटे नवरा उठण्याआधी होती त्या जागी ठेवून देते. हे किती दिवस चालले आहे ते सांगितलेले नाही. एके सकाळी तिला उठायला उशीर होतो. नवरा पंप घेऊन अंगणात उभा असतो आणि तिच्याकडे न पाहता म्हणतो, ‘फवारणीला जायचंय. कणगीतून बाटली काढून दे.’ या वाक्यात दुसरी, न लिहिलेली कथा आहे: त्यालाही झोप लागत नव्हती, तोही रोज रात्री जागा राहून तिची पावले ऐकत होता, आणि तरीही त्याने कणगीला हात लावला नव्हता. येथे शेवटचे वाक्य धक्का देते हे खरे, परंतु तो धक्का वाचकाच्या आधी त्या बाईला बसतो. आम्ही पहिला क्रमांक या कथेला दिला.

निवृत्त सरांना मात्र पहिल्या क्रमांकासाठी दुसरीच कथा हवी होती, आणि त्यांचे म्हणणे वजनदार होते. त्या कथेत निवेदन मुळीच नाही. परदेशातल्या मुलाशी आई फोनवर बोलते आहे आणि आपल्याला फक्त तिचे बोलणे ऐकू येते. मधूनमधून ती आवाजांचे खुलासे करते: शेजारी दुरुस्तीचे काम चालू आहे, कुकर झाला, टीव्ही मोठ्याने लावला आहे. सरांनी लगेच दिवाकरांची आठवण काढली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दिवाकरांनी नाट्यछटेचा जो घाट मराठीत रुजवला, त्यात एकच व्यक्ती बोलते आणि समोरच्याचे बोलणे, हावभाव, कधीकधी त्याचे दुःखही तिच्याच शब्दांतून उमटते. लघुतम कथेचे मराठी घराणे शोधायचे तर ते आयात केलेल्या शब्दसंख्येत न शोधता तेथे शोधावे, असे त्यांचे मत. मला ते पूर्ण पटते. अडचण होती ती शीर्षकाची. नियमाप्रमाणे शीर्षक शंभर शब्दांत धरलेले नव्हते, आणि लेखकाने त्या सवलतीत ‘अतिदक्षता विभाग’ असे लिहून टाकले होते. आईने इतक्या कष्टाने मुलापासून जे झाकले ते शीर्षकाने पहिल्याच क्षणी उघड केले, त्यामुळे प्रत्येक आवाज कशाचा असेल याचा अंदाज बांधण्याचे काम वाचकाकडे उरलेच नाही. सर म्हणाले की वाचकाला आधी कळले म्हणूनच आईची धडपड अधिक लागते. हा वाद आम्ही दोन संध्याकाळी घातला आणि आजही तो मिटलेला नाही; कथेला दुसरा क्रमांक मिळाला.

बोलीतल्या कथा थोड्याच आल्या, याची खंत वाटते. आल्या त्यांतही बोली केवळ संवादापुरती होती आणि निवेदन सुरू झाले की लेखक परीक्षेच्या मराठीकडे वळत होते. शंभर शब्दांत असा सांधा फार ठळक दिसतो.

निकालानंतर ‘ती’च्या कथांपैकी एकीचा लेखक मला भेटायला आला. त्याच्या कथेत ‘ती’ म्हणजे आठ बाराची लोकल होती. काय बदलावे, असे त्याने विचारले, आणि मी सुचवले की लोकल पहिल्याच वाक्यात सांगून टाकावी आणि मग काय उरते ते पाहावे. चार दिवसांनी त्याने नवे लेखन आणून दिले. ते शंभर शब्द भरले नाहीत, चौसष्टच झाले, आणि उरलेल्या शब्दांचे काय करायचे ते त्याला कळत नव्हते. आता पहिल्या वाक्यात आठ बाराची लोकल आहे आणि तिच्यासाठी रोज फलाटावर येणारा माणूस निवृत्त होऊन तीन वर्षे झाली आहेत. तो गाडीत चढत नाही. गाडी थांबते, चौथ्या डब्याच्या दारातली माणसे सवयीने थोडी आत सरकतात, आणि गाडी सुटली तरी त्याच्यासाठी केलेली ती वीतभर जागा तशीच मोकळी दिसत राहते.