शंभरपर्यंत येतं का? तुम्ही विचारलंत म्हणून

जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी, दिवाळीनंतरच्या पालकसभेत, कधी कधी तर कॉलेज रोडवर भाजी घेतानासुद्धा कोणीतरी गाठून विचारतं, "मॅडम, तुमच्याकडची मुलं शंभरपर्यंत म्हणत नाहीत का? आमच्या जाऊबाईंची साडेतीन वर्षांची आहे, घडाघडा म्हणते." नाशकात बालवाडी चालवायला लागून मला बावीस वर्षं झाली. दरवेळी मी "येईल हो, घाई काय आहे" म्हणते आणि घरी येऊन भांड्यांवर राग काढते. आज नीट सांगते.

जाऊबाईंची मुलगी म्हणत असेल, वाद नाही. ती आरतीही म्हणत असेल, तिचा अर्थ आपण तिला विचारत नाही. आता तिच्यापुढे वाटीभर चिंचोके ठेवा आणि म्हणा, "मला तीन दे." बऱ्याचदा मूठ भरून देईल. पाच चिंचोके ओळीत मांडून मोजायला सांगा. बोट ठेवत पाचपर्यंत बरोबर मोजेल. मग विचारा, "किती आहेत?" ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागेल. 'पाच' हा शेवटचा शब्द म्हणजेच उत्तर, हे तिला अजून कळलेलं नाही.

हे माझ्या मनचं नाही. कॅरेन विन या संशोधक बाईंनी 1990 च्या सुमारास नेमकं हेच, 'इतके दे' म्हणून मुलांना मागून, पाहिलं. मूल आधी फक्त 'एक'चा अर्थ शिकतं. मग कित्येक महिने 'दोन', 'तीन' सगळं म्हणजे 'बरेच'. मग 'दोन' कळतं, मग 'तीन', आणि साधारण साडेतीन-चारच्या पुढेमागे एकदम उलगडतं की मोजणं म्हणजे काय. बोलिव्हियातल्या चिमाने लोकांची मुलंही याच पायऱ्यांनी जातात, फक्त बरीच उशिरा. म्हणजे पायऱ्या त्याच, वेळ मात्र घराघरावर.

आणि भाषेवरही. जपानीत नामाचं अनेकवचन आपल्यासारखं होत नाही, तिथल्या मुलांना 'एक' इंग्रजी आणि रशियन मुलांपेक्षा उशिरा पकडता येतो, असं 2007 मध्ये दिसलं. स्लोव्हेनियनमध्ये आपल्या संस्कृतसारखं द्विवचन अजून जिवंत आहे. तिथली मुलं 'दोन' लवकर शिकतात, मोजणी फारशी पाठ नसतानाही. हे वाचलं तेव्हा मी आमच्या मुलांच्या बोलण्याकडे कान देऊन ऐकायला लागले. आपली मराठी अर्धवट मदत करते. एक केळं, दोन केळी. एक पोळी, दोन पोळ्या. पण एक लाडू, दोन लाडू! लाडवाच्या बाबतीत मुलानं काय समजायचं? द्विवचन आपण गमावलं, पण 'दोघं', 'दोघी', 'तिघी' ठेवले. "तुम्ही दोघी इकडे या" म्हटलं की तिसरी उठत नाही, हे मी रोज बघते. त्याच मुलीला "दोन मणी दे" म्हटलं तर चार देते. यावर उड्या मारायच्या की नाही, माहीत नाही. कदाचित ती आवाजाकडे नाही, माझ्या बोटाकडे बघत असेल.

आता ज्याबद्दल मी कधी बोलत नाही ते. सुरुवातीच्या वर्षांत मीही शंभर पाठ करून घ्यायचे. गॅदरिंगला एका दमात म्हणवायचे, टाळ्या मिळायच्या. तेव्हा एक मुलगा आला. दिंडोरीकडचा, तिसऱ्या वर्षापर्यंत गावी आजोबांजवळ वाढलेला, वडील सातपूरला कंपनीत. लाकडी मणी पुढ्यात घेऊन तो मोजायला लागला, "लाभ, दोन, तीन, चार..."

आधी मदतनीस ताई हसल्या. मग मी हसले. आम्ही हसलो म्हणून मुलं हसली. "लाभ नाही रे, एक!" तो थांबला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पहिल्या मण्यावर बोट ठेवून म्हणाला, "लाभ." मला तो हट्ट वाटला. मी त्याला उभं केलं आणि दहा वेळा 'एक' म्हणायला लावलं. म्हणाला. शेवटचे तीन-चार तर नुसते ओठच हलले. दुसऱ्या दिवसापासून मोजायची वेळ आली की तो गप्प. पंधरा दिवस. मी त्याच्या आईला सांगितलं, "जरा मागे आहे, घरी घ्या करून." त्या बाईचा चेहरा मला अजून दिसतो, पण तेव्हा मी डबे गोळा करण्यात होते.

एका शनिवारी आजोबा न्यायला आले. मी त्यांनाही तेच सांगत होते. तेवढ्यात ताईंनी खाऊ वाटताना हाक मारली, "इकडची पाच मुलं राहिलीत गं." तो उठला, टोपलीपाशी गेला आणि राजगिऱ्याचे पाच लाडू घेऊन आला. तोंडानं काही न मोजता. पाच पोरांना पाच. टोपली उचलून बघितली नाही, परत फेरी मारली नाही. आजोबांचं त्याकडे लक्षही नव्हतं. मी म्हटलं, "तो एकला लाभ म्हणतो." ते म्हणाले, "मग? धान्य मोजताना पहिलं माप लाभच. माझा बाप तसंच मोजायचा." रागानं नाही, मला माहीत नसेल म्हणून सांगितल्यासारखं.

पुढच्या जूनमध्ये तो दुसरीकडे गेला. मी त्याच्या आईला काहीच बोलले नाही. बोलता आलं असतं.

म्हणून मी पाठांतर बंद केलं, असं छान सांगता आलं असतं. तसं नाही. शब्दांची ओळ आधी तोंडात नसेल तर मोजायचं कशानं? चिनीत अकराला सरळ 'दहा-एक' म्हणतात, म्हणून तिथली मुलं दहाच्या पुढची ओळ लवकर शिकतात, हेही खरं. आमची पोरं एकोणतीसवरून थेट एकोणचाळीसवर उडी मारतात. 2019 मध्ये गणितज्ञ मंगला नारळीकरांच्या समितीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' आणलं तेव्हा मी तावातावानं भांडले होते, 'एकवीस' जाईल म्हणून. आता इतकी खात्री नाही. पण 'एकवीस' मला अजूनही हवाच आहे.

तर शंभर? येईल. तोवर माझ्याकडे चिंचोके आहेत. आणि हो, गॅदरिंगला अजूनही म्हणवते, पन्नासपर्यंत. तुम्ही समोर बसलेले असता ना.