एकाचा वर्ग एक्याऐंशी

गृहपाठ हा शब्दच फसवा आहे. आमच्या हायस्कुलात गृहपाठ गृहात कुणी फारसं करत नसे. तो व्हायचा सकाळी प्रार्थनेच्या घंटेआधी, सायकल स्टँडमागच्या कट्ट्यावर, मांडीवर वही घेऊन. अख्ख्या वर्गात एखाद्यानेच तो घरी केलेला असे, बाकीच्यांनी उतरवून काढायचा. कॉपी ही परीक्षेत करायची गोष्ट, तिला शिक्षा होती. गृहपाठ उतरवण्यात आम्हाला कधी पाप दिसलं नाही. निबंधातले चार शब्द इकडचे तिकडे करायचे, गणित मात्र जसंच्या तसं, हा अलिखित नियम.

त्या गणितानेच दहावीत घात केला. काटकोन त्रिकोण होता. दोन बाजू ४० आणि ९, कर्ण काढा. मूळ वही पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाची. त्याचं डोकं लखलखीत, अक्षर मात्र कोंबडीचे पाय. ९ चा वरचा वळसा तो घाईत खाऊन टाकायचा, मग ९ आणि १ यांत काही फरकच उरत नसे. घंटा व्हायला पाच मिनिटं होती. मी उतरवलं:

४०² + १² = १६०० + ८१ = १६८१, म्हणून कर्ण ४१.

उत्तर अगदी बरोबर. फक्त एकाचा वर्ग एक्याऐंशी.

माझी वही पुढे दोघांनी घेतली. त्यांतल्या एकाने स्वतःची भर घालून १६८१ चे १६६१ केले, पण वर्गमूळ मात्र ४१च ठेवलं. त्याच्यावरून उतरवणाऱ्या चौथ्याकडे एकाचा वर्ग एक्याऐंशी आणि १६६१, दोन्ही वारसाहक्काने आले.

सरांनी दुसऱ्या तासाला पाच वह्या टेबलावर ओळीने मांडल्या. थोडा वेळ बघत राहिले, मग दोन वह्यांची जागा बदलली आणि बोट ठेवत म्हणाले, "हा आजोबा. हा बाप. ही दोन पोरं. आणि हा या धाकट्याचा पोरगा." कुणालाही काही न विचारता अख्खी वंशावळ. आम्ही मार खायला तयार होतो, या विद्येला नव्हतो.

हीच विद्या मोठी माणसं फार आदराने करतात, हे पुण्यात आल्यावर कळलं. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे जुन्या पोथ्या एकमेकींशी ताडून ठरवलेला मुळाजवळचा पाठ, १९१९ साली हाती घेतली आणि ती पुरी व्हायला १९६६ उजाडलं. हजाराहून अधिक हस्तलिखितं जमवली होती. कोणती पोथी कोणत्या घराण्यातली हे ठरवताना दोन पोथ्यांत काय सारखं बरोबर आहे हे बघून भागत नाही, कारण बरोबर मजकूर सगळ्यांकडेच असू शकतो. सारखी चूक कुणाकुणाकडे आहे, ते बघायचं. या कामाचे प्रमुख संपादक वि. स. सुखठणकर मूळचे केंब्रिजला गणित शिकलेले, हे वाचलं तेव्हा मला आमचे सरच आठवले.

सरांनी शिक्षा दिली ती अजब होती. म्हणाले, "उद्या पाचही गणितं पुन्हा करून आणायची. चूक चालेल. पण ज्याची त्याने स्वतःची आणायची."

त्या रात्री स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली बसलो तर लक्षात आलं, स्वतःची चूक करणं अवघड असतं. उसनी चूक पाच मिनिटांत होते. स्वतःच्या चुकीसाठी आधी गणित वाचावं लागतं, आकृती काढावी लागते, कर्ण कुठला हे ठरवावं लागतं. मी तीन गणितं चुकवली. दुसऱ्या दिवशी सरांनी तीन फुल्या मारल्या, एका फुलीपाशी थांबून "हं, इथे अडलास होय" म्हणाले आणि तेवढंच फळ्यावर पुन्हा शिकवलं. गृहपाठ तपासतात तो कशासाठी, हे मला दहा वर्षं शाळेत काढल्यावर त्या दिवशी कळलं.

आता भाची नववीत आहे. तिचं सेमी इंग्लिश, त्यामुळे माझी ती ऐतिहासिक चूक तिच्या नशिबी नाही. नववी ते बारावीला दिवसाला जास्तीत जास्त दोन तासांचा गृहपाठ असावा, असं केंद्राचं २०२० सालचं दप्तर धोरण सांगतं. धोरण छान आहे. पण प्रत्येक विषयाच्या मॅडम "थोडासाच" देतात आणि सात थोडासाच मिळून रात्रीचे साडेदहा वाजतात. कट्ट्याचं काम ग्रुपवर होतं. वहीच्या पानाचा फोटो येतो, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा असतो. नाहीतर गणिताचाच फोटो काढायचा, ॲप पायऱ्यांसकट सोडवून देतं. सगळ्यांचं सगळं बरोबर. आमच्या सरांना आज टेबलावर वह्या मांडून काही सापडलं नसतं.

एकदा वैतागून तिने शोधलं, होमवर्क काढलं कुणी? रॉबर्तो नेविलिस नावाच्या इटालियन मास्तरांनी, असं उत्तर आलं. एका ठिकाणी साल १०९५, दुसऱ्या ठिकाणी १९०५. मला हसूच फुटलं. असा कुणी मास्तर होऊन गेल्याचा पुरावाच नाही. एकाने ठोकून दिलं, बाकीच्यांनी उतरवलं, आणि उतरवताना कुणीतरी आकडे उलटेपालटे केले.

परवा तिची गणिताची वही चाळली. एक खाडाखोड नाही. दोनशे पानी वही हातात मात्र हलकी लागली. विचारलं तर म्हणाली, "चुकलं की मी पान फाडते मामा. वही तपासणीला मार्क असतात."

टेबलाखालच्या टोपलीत चार-पाच बोळे होते. त्यातला एक उघडला. एकच गणित तीन वेळा केलेलं, तिन्ही वेळा वेगळ्या ठिकाणी अडलेलं. तिसऱ्या वेळी एका पायरीभोवती पेन्सिलीने गोल काढून बाजूला लिहिलं होतं, "इथे मायनस का येतो???"

तो कागद मी तळहाताने सरळ केला आणि तिच्या वहीत, त्याच गणिताच्या पानाशी ठेवून दिला. वह्या सोमवारी जमा व्हायच्या आहेत. तिला अजून सांगितलेलं नाही.