नागपूरच्या उन्हाळ्यात ५६००जी: छोट्या कॅबिनेटचा ओव्हरक्लॉक, मे अखेरपर्यंतची नोंद

हिवाळ्यात लावलेला ओव्हरक्लॉक (चिपला तिच्या ठरलेल्या वेगापुढे पळवणं) मी पक्का धरत नाही. आमच्या नागपुरात जानेवारीत खोली गार असते आणि मेमध्ये बाहेरचा पारा ४५ ओलांडतो. दोन्ही ऋतूंत टिकेल तीच सेटिंग खरी. म्हणून मशीन डिसेंबरात जोडलं तरी शेवटचे आकडे आत्ता लिहितोय. ज्यांना फक्त सेटिंग हवंय त्यांनी सरळ मेच्या नोंदीवर जावं. रॅमचा भाग मात्र वाचाच, कारण ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनमध्ये वेग मिळतो तो तिथूनच.

डिसेंबर: सामान आणि जोडणी

प्रोसेसर रायझन ५ ५६००जी. सहा कोर, बारा थ्रेड, झेन ३ रचना, आणि त्याच चिपवर व्हेगाची, म्हणजे आतल्याच ग्राफिक्सची, सात कॉम्प्युट युनिट. २०२१ चा प्रोसेसर आहे. ८६००जी मधलं ग्राफिक्स याच्या कितीतरी पुढे आहे, पण त्याच्यामागे नव्या एएम५ सॉकेटचा बोर्ड आणि डीडीआर५ रॅम येते. माझं अख्खं मशीन ३५ हजारांच्या आत बसवायचं होतं, त्यामुळे एएम४ वरच राहिलो.

बोर्ड बी५५० चिपसेटचा, मिनी-आयटीएक्स या छोट्या आकाराचा, वापरलेला. स्वस्तातला ए५२० घेऊ का, असं बरेच जण विचारतात. रॅमचा वेग ए५२० वरही वाढवता येतो, पण प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायची सोय एएमडीने त्या चिपसेटला दिलेली नाही. नुसतं रॅमवर थांबणार असाल तर ए५२० घ्या, काही बिघडत नाही.

रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्या, ३२०० सीएल१६ (सीएल म्हणजे डेटा मागितल्यापासून मिळेपर्यंतचे क्लॉक). थायफून बर्नरने (रॅमची माहिती वाचणारा प्रोग्रॅम) आत मायक्रॉनची ई-डाय चिप दाखवली तेव्हा फार बरं वाटलं, कारण ती वर जाते हे ठाऊक होतं. कूलर थर्मलराइटचा एएक्सपी९०-एक्स४७, उंची ४७ मिमी. एसएमपीएस ४५० वॉटचा, छोट्या एसएफएक्स आकाराचा. एनव्हीएमई ड्राइव्ह ५०० जीबीची, तिसऱ्या पिढीची. ५६००जी ला पीसीआयई ३.० च आहे, त्यामुळे चौथ्या पिढीच्या ड्राइव्हचा वेग इथे मिळालाच नसता.

कॅबिनेट आठ लिटरच्या आसपासचं, आडवं ठेवता येणारं. वरच्या झाकणाला जाळी आणि तिच्याखाली कूलरचा पंखा. इथे एक गोष्ट आवर्जून करा. पंखा आणि जाळी यांच्यात बोटभर जागा उरते. त्या फटीतून पंखा आतलीच गरम हवा पुन्हा ओढतो. मी खिडकीला लावतात ती फोमची पट्टी पंख्याच्या कडेने चिकटवून जाळीपर्यंत बंद वाट करून दिली. त्याच लोडला प्रोसेसर पाच-सहा अंशांनी उतरला. खर्च नगण्य. छोट्या कॅबिनेटमध्ये महागडा कूलर घेण्याआधी हे करून बघाच.

दुसरी जागा बोर्डच्या पाठीमागची. या बोर्डवर एम.२ चा एक स्लॉट मागच्या बाजूला आहे आणि तिथे हवा अजिबात फिरत नाही. मोठी फाइल कॉपी करताना ड्राइव्ह ७० च्या पुढे गेली. ड्राइव्ह आणि कॅबिनेटचा पत्रा यांच्यात जाडसर थर्मल पॅड ठेवल्यावर तीच ड्राइव्ह ५८ वर थांबली. पत्रा हाताला कोमट लागतो, म्हणजे उष्णता बाहेर पडतेय.

जानेवारी: रॅम

व्हेगाला स्वतःची मेमरी नसते, ती आपल्याच रॅममधून वाटा घेते. त्यामुळे ग्राफिक्सचा वेग किती, हे मुख्यतः रॅमची बँडविड्थ ठरवते. हिशोब सोपा आहे. डीडीआर४ ची एक वाहिनी ६४ बिटांची, म्हणजे ८ बाइटची. ३२०० ला एका वाहिनीतून सेकंदाला २५.६ जीबी, दोन वाहिन्यांतून ५१.२ जीबी. ४००० ला दोन वाहिन्यांतून ६४ जीबी. हे कागदावरचे आकडे, प्रत्यक्षात थोडे कमीच येतात, पण प्रमाण तेच राहतं.

टाइम स्पाय या चाचणीचा ग्राफिक्स स्कोअर मी प्रत्येक टप्प्यावर लिहून ठेवला. एकच पट्टी लावली तर ९१० च्या आसपास. दोन्ही पट्ट्या ३२०० वर, तर १,३७०. म्हणजे नुसती दुसरी पट्टी लावून दीडपट. जे दुकानदार ५६००जी सोबत १६ जीबीची एकच पट्टी लावून देतात, त्यांच्याकडून ती परत करून ८ च्या दोन घ्या. एवढ्या खर्चात यापेक्षा मोठी वाढ दुसरीकडून मिळणार नाही.

त्यानंतर ३८००, मग ४०००. इथे इन्फिनिटी फॅब्रिकचा, म्हणजे प्रोसेसरचे आतले भाग जोडणाऱ्या वाटेचा, मुद्दा येतो. रॅम ४००० म्हणजे तिचं घड्याळ २००० मेगाहर्ट्झ, आणि इन्फिनिटी फॅब्रिकही २००० ला चाललं तरच दोघं जोडीने चालतात. वेगळ्या चिपलेटचे झेन ३ प्रोसेसर बहुधा १९०० च्या आसपास अडतात. ५६००जी एकाच तुकड्यात असल्याने याचं फॅब्रिक वर जातं. मात्र झेनटायमिंग्ज (रॅमची सेटिंग दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून मेमरी कंट्रोलरचं घड्याळ तपासा. रॅम ठरावीक वेगापुढे गेली की काही बोर्ड कंट्रोलरला परस्पर निम्म्यावर आणतात. रॅम ४००० दिसते, लेटन्सी (उत्तर यायला लागणारा वेळ) मात्र वाढलेली असते. ते हाताने एकास-एक करून घ्या.

४१३३ लाही मशीन सुरू झालं, विंडोजही आलं. पण स्कोअर ४००० पेक्षा खाली. फॅब्रिक चुका दुरुस्त करण्यात वेळ घालवतंय याची ती खूण आहे. ४००० वर परत आलो.

टायमिंग सीएल१८, व्होल्टेज १.४०. सीएल१८ ऐकून वेग कमी झाल्यासारखा वाटतो, पण नॅनोसेकंदात मोजा: ३२०० सीएल१६ म्हणजे १० नॅनोसेकंद, ४००० सीएल१८ म्हणजे ९. ई-डायला व्होल्टेज वाढवलं की सीएल खाली येतो, टीआरसीडी (रॅमची ओळ उघडायला लागणारे क्लॉक) मात्र जागचा हलत नाही. त्याच्या मागे लागू नका, त्याला २१-२२ वर सुखाने राहू द्या.

या सगळ्यानंतर १,५२०. मग टीआरएफसी, म्हणजे रॅम रिफ्रेश व्हायला लागणारा वेळ. ८ गिगाबिट चिपला प्रमाणित मूल्य ३५० नॅनोसेकंद, म्हणजे ४००० ला ७०० क्लॉक. रॅमचा प्रत्येक सेल म्हणजे गळकं भांडं, ते ठरावीक काळाने पुन्हा भरावं लागतं, आणि भरण्याच्या त्या वेळात रॅम दुसरं काम करत नाही. तो वेळ कमी केला की बँडविड्थ मोकळी होते. जानेवारीत ५६० पर्यंत, म्हणजे २८० नॅनोसेकंदांपर्यंत, टेस्टमेम५ ही रॅमची चाचणी रात्रभर स्वच्छ चालली. स्कोअर १,५५०. वहीत या सेटिंगपुढे ‘हिवाळा’ असं लिहून ठेवलं, आणि खरी परीक्षा एप्रिलवर सोडली.

फेब्रुवारी: ग्राफिक्स आणि कोर

व्हेगाचं घड्याळ मूळ १९०० मेगाहर्ट्झ. आधी मुद्दाम रॅम ३२०० वर ठेवून फक्त ग्राफिक्स २२०० केलं. स्कोअर १,३७० वरून १,४२० एवढाच. रॅम ४००० वर नेऊन तेच २२०० केलं, तर १,५५० वरून १,६६०. घड्याळ तेवढंच वाढवलं, मिळकत दुपटीहून जास्त, कारण आता त्याला डेटा वेळेवर पोचत होता. क्रम म्हणून असाच ठेवा: आधी रॅम, मग ग्राफिक्स.

२२०० ला एसओसीचं (ग्राफिक्स आणि मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाचं) व्होल्टेज १.१७५ पुरलं. २३०० ला १.२५ च्या वर मागत होतं आणि वाढ दोन टक्केसुद्धा नाही. सोडून दिलं.

कोरसाठी सगळ्यांवर एकच मल्टिप्लायर लावायची जुनी पद्धत या आकाराच्या कॅबिनेटमध्ये मला पटत नाही. साडेचार गिगाहर्ट्झ सगळ्या कोरवर बांधले की व्होल्टेजही कायमचं चढतं आणि एका कोरच्या कामातला बूस्ट हातचा जातो. त्याऐवजी पीबीओ (बूस्टच्या मर्यादा बदलण्याची एएमडीची सोय) आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रत्येक कोरचं व्होल्टेज वेगळं कमी करण्याची सोय). कर्व्हमधला एक आकडा साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टचा. सगळ्या कोरना उणे १५ पासून सुरुवात केली, मग कोरसायकलरने एकेक कोर वेगळा तपासला. चार कोर उणे २२ ला ठीक, एक उणे १८ ला, आणि सगळ्यात चांगला म्हणून विंडोज ज्याला आधी काम देतं तो कोर उणे १० च्या पुढे जायला तयार नाही. हे बहुतेकांच्या बाबतीत असंच होतं, कारण तो कोर कारखान्यातूनच कमी व्होल्टेजवर जास्त वेगाला लावलेला असतो.

कर्व्हची तपासणी सिनेबेंचवर (पूर्ण लोडची चाचणी) संपवू नका. जास्त उणे केलेला कोर पूर्ण लोडला तगतो आणि मशीन रिकामं असताना, ब्राउझर उघडताना रीस्टार्ट होतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया (हार्डवेअरची) त्रुटी दिसली की त्या कोरला तीन-चार आकडे परत द्या.

एप्रिल-मे: खरी परीक्षा

उन्हाळ्याचं गणित मी जानेवारीतच मांडून ठेवलं होतं. ओसीसीटी या चाचणीत कोर आणि ग्राफिक्स दोन्हींवर लोड टाकला की पॅकेज ८८ वॉटच्या मर्यादेला टेकतं. तेव्हा खोली २१ अंश आणि प्रोसेसर ७४, म्हणजे खोलीच्या वर ५३ अंश. तोच कूलर, तीच वाट, तेच वॉट असतील तर हा फरक ऋतूप्रमाणे फारसा बदलत नाही, एका वॉटमागे साधारण ०.६ अंश. मेमध्ये दुपारी खोलीतला पाण्याचा कूलर बंद असताना माझी खोली ३८ ला जाते. ३८ आणि ५३ मिळून ९१. या प्रोसेसरची मर्यादा ९५. जाळीवर थोडी धूळ बसली की संपलं.

मेमध्ये मोजलं तेव्हा ९० आलं. गणित जुळल्याचा आनंद झालाच, पण ९० वर मशीन ठेवायची इच्छा नाही. पीपीटी, म्हणजे पॅकेजची वॉटची मर्यादा, ८८ वरून ६५ वॉट केली. हिशोबाने ३९ अंशांची चढ, प्रत्यक्षात ३८ च्या खोलीत ७७. सिनेबेंच आर२३ चा मल्टी स्कोअर पूर्ण मर्यादेला ११,१०० होता, तो ६५ वॉटला १०,४०० झाला. सहा-सात टक्के देऊन तेरा अंश मिळाले, आणि पंख्याचा आवाज वेगळाच ऐकू येतो इतका उतरला. कर्व्ह ऑप्टिमायझरचा खरा उपयोग इथे कळतो: तेवढ्याच वॉटमध्ये कोर जास्त वेग धरतात.

खोलीतला कूलर सुरू असला की तापमान ३१ पर्यंत येतं. विदर्भातली मेमधली हवा इतकी कोरडी असते की पाण्यावरून आलेला वारा दहा अंशांनी सहज उतरतो, पण दमटपणाही आणतो. मशीन वाऱ्याच्या सरळ झोतात ठेवू नका. कूलरला नवीन पॅड घातल्यावर पहिले काही दिवस बारीक तुषार उडतात, आणि वर जाळी असलेल्या कॅबिनेटला ते चालणार नाहीत. माझं टेबल कूलरच्या बाजूच्या भिंतीला आहे. शिवाय लाइट गेली की कूलर थांबतो आणि यूपीएसवर मशीन चालूच राहतं, त्यामुळे सेटिंग कूलर नाही असं धरूनच केलंय.

आता रॅम. पंखा हवा खाली ढकलतो, ती हीटसिंकमधून गरम होऊन सरळ पट्ट्यांवर येते. मल्टिमीटरचा तापमानाचा प्रोब दोन पट्ट्यांच्या मध्ये अडकवला, तर जानेवारीत ३९ असलेलं तापमान मेमध्ये ५६. टीआरएफसी ५६० वर टेस्टमेम५ ने तासाभरात चुका दाखवल्या. गरम सेलमधला चार्ज लवकर गळतो, त्यामुळे थंडीत पुरलेला वेळ उन्हाळ्यात कमी पडला. ५८० लाही एक चूक आली. ६०० स्वच्छ गेलं, आणि वर थोडी जागा म्हणून ६२० ठेवलं. टाइम स्पाय १,६६० वरून १,६४५. फरक एवढाच, आणि फाइल खराब होण्याची धास्ती नाही. मशीन बंद पडलं तर निदान कळतं. रॅमची एखादी चूक मात्र गुपचूप फोटोत किंवा झिपमध्ये जाऊन बसते, म्हणून इथे मी जराही ओढाताण करत नाही.

सध्याचं उन्हाळी प्रोफाइल असं: रॅम ४००० सीएल१८, १.४० व्होल्ट, टीआरएफसी ६२०, फॅब्रिक २०००, ग्राफिक्स २२००, एसओसी १.१७५, पीपीटी ६५ वॉट, कर्व्ह कोरप्रमाणे उणे १० ते उणे २२. हिवाळी प्रोफाइलमध्ये फक्त पीपीटी ८८. टीआरएफसी तिथेही ६२० च ठेवलंय. दोन्ही बायोसमध्ये साठवली आहेत. भाचा सुट्टीत येऊन १०८० पी वर दुपारभर जीटीए ५ खेळला. मूळ सेटिंगला सरासरी ६६ फ्रेम होत्या, आता ७९.

पुढचं काम पट्ट्यांच्या तापमानाचं. एसएमपीएसच्या बाजूला १५ मिमी जाडीचा ९२ मिमी पंखा बाहेर फेकणारा बसतोय का ते मोजतोय. केबलचा जुडगा मध्ये येतो, तो आधी छोटा करावा लागेल. आणि १६ जीबीच्या दोन ड्युअल रँक (चिपांचे दोन गट असलेल्या) पट्ट्या जोडून बघायच्या आहेत. रँक आलटून-पालटून वापरल्याचा फायदा व्हेगाला होतो, पण चार रँक ४००० ला धरताना कंट्रोलरवर ताण येतो, त्यामुळे कदाचित ३८०० वर यावं लागेल. कोणाकडे अशा पट्ट्या ५६००जी वर उन्हाळ्यात चालत असतील, तर टीआरएफसी आणि पट्ट्यांचं तापमान दोन्ही कळवा, शक्य झाल्यास खोलीच्या तापमानासकट.