जांवयाची उडी

मला पोहता येत नाही. वसईच्या माणसाने हे चारचौघांत सांगू नये. आमच्याकडे घराला लागून विहीर, वाडीत बावखल, म्हणजे तळं, आणि सायकलने दहा मिनिटांवर समुद्र. पण बावखलाच्या तळाशी कुणीतरी बसलेलं असतं आणि ते पोरांचे पाय ओढतं, असं आईने लहानपणी सांगून ठेवलं होतं, आणि मी पडलो आज्ञाधारक. तिशी उलटली तरी पाणी कमरेच्या वर येऊ दिलं नव्हतं.

अशा माणसाने यंदा जानेवारीत शिवोलीची मुलगी केली.

गोव्याबाहेरच्यांना यातली मेख कळायची नाही. शिवोली म्हणजे बारदेशातलं सांजांवचं गाव. २४ जूनला, सेंट जॉन द बॅप्टिस्टच्या जन्मदिवशी, दोन-दोन होड्या जोडून केलेल्या सांगोडी सजवतात आणि वाजत-गाजत सांत आंतोनीच्या चर्चसमोर आणतात. वाड्यावाड्यांतले पुरुष डोक्यावर पानाफुलांची कोपेल घालून या विहिरीतून त्या विहिरीकडे जातात आणि प्रत्येक विहिरीत उड्या मारतात. लग्नानंतरचा पहिला सांजांव असेल तर जावयाला सासुरवाडीला बोलावणं येतं. जेवण, फळं, फेणी, कौतुक, आणि मग त्याला विहिरीत ढकलतात. ढकलतात हा शब्द माझा. ते लोक याला मान देणं म्हणतात.

मार्चात बायकोने बातमी दिली तेव्हा माझ्या मनात जे काही आलं त्यात एक विचार हाही होता, की चला, आता घरात दिवस गेलेत, उडीचं कुणाच्या लक्षात राहणार नाही. हा विचार मी तिला अजून सांगितलेला नाही.

लक्षात न राहायला काय झालं! वाड्यावरच्या म्हाताऱ्यांनी आधी बोटं मोजली. लग्न जानेवारीत, बाळ नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. हिशेब जमल्यावर माना समाधानाने हलल्या आणि गाडी थेट सांजांववर आली. कारण सांजांव हा मुळातच पोटातल्या बाळाचा सण.

हे मला माहीत होतं आणि नव्हतंही. येशूची आई मरिया आपल्या नात्यातल्या अलीशिबेला भेटायला डोंगराळ भागातल्या तिच्या घरी जाते. दारातून हाक मारते, आणि ती हाक ऐकताच अलीशिबेच्या पोटातलं बाळ, म्हणजे पुढचा जॉन, आनंदाने उडी मारतं. वसईला ही गोष्ट दरवर्षी ऐकली होती, पण ऐकून पुढे काही करायचं नसतं अशा गोष्टींत ती जमा होती. गोव्याने मात्र ती उडी उचलली आणि विहिरीत टाकली. विहीर म्हणजे कूस, पाणी म्हणजे कुशीतलं पाणी. जूनअखेर विहिरी काठोकाठ भरतात, त्यामुळे दैवतशास्त्र आणि हवामान दोन्ही जुळून येतं.

हिशेबात तर चर्चचा हात कुणी धरू नये. २५ मार्चला मरियेला मूल होणार हा देवदूताचा निरोप, २५ डिसेंबरला नाताळ. मोजा, नऊ महिने. ८ डिसेंबरला मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण, पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चचं फेस्त. ८ सप्टेंबरला तिचा जन्म, वांद्र्याच्या मोतमाउलीची जत्रा. पुन्हा नऊ. देवदूत मरियेला सांगतो की अलीशिबेला सहावा महिना आहे, म्हणून जॉनचा जन्मदिवस नाताळच्या सहा महिने आधी. वाड्यावरच्या म्हाताऱ्यांना बोटं मोजायची सवय कुठून लागली असेल, ते मला आत्ता कळतंय.

आम्ही राहतो म्हापशाला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. पहिले तीन महिने काही सणाबिणाचे नव्हते. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की बायको उठायची ती थेट मोरीकडे. ज्या पावाच्या वासावर ती वाढली तोच वास तिला सोसवेना. उंडे नकोत, पोळी नको. (गोव्यातली पोळी म्हणजे कोंड्याचा पाव. हे मला लग्नाआधी कुणीतरी सांगायला हवं होतं.) फक्त काकणां चालायची, बांगडीसारखी, कडक, चहात बुडवून. मी जिना उतरून पोदेराच्या सायकलजवळ उभा राहायचो आणि श्वास रोखून काकणां आणायचो, जणू वास माझ्या शर्टाला चिकटून वर येईल. येतही असावा. दोनदा तिने मला दारातूनच परत पाठवलं.

शेजारच्या काकू सकाळी मराठी पेपर वाचतात आणि मग त्यातल्या बातम्या आम्हाला कोकणीत सांगतात. गोव्यात ही विभागणी इतकी सहज आहे की कुणाला ती विभागणी वाटतही नाही. काकूंनी पहिल्या दिवसापासून हिचा ताबा घेतला. पपई नको, अननस नको, माळ्यावरचं काही काढायचं नाही. वसईहून आईने कोकण रेल्वेने येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, पाठवली, त्यांनाही काकूंनी उलटसुलट करून, वास घेऊन परवानगी दिली. आणि मला एकदा जिन्यात अडवून म्हणाल्या, "डोहाळे पुरवा हां तिचे. नाही पुरवले तर बाळाचा कान फुटतो."

मी विचारलं घरी येऊन. काय खावंसं वाटतं?

"खावंसं काही नाही. विहिरीत उडी मारावीशी वाटते."

ती चेष्टा करत नव्हती. लहानपणापासून ती दर सांजांवला भावांच्या मागोमाग उडी मारत आलेली. पाण्यात ती माशासारखी. उन्हाळ्यात अंगाची आग व्हायला लागली तसं तिला रात्री त्या विहिरीचं पाणी आठवायचं. चिऱ्यांना धरून उगवलेली नेची, तळाचं कासव, पाण्यात शिरताना कानात होणारा तो आवाज. डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, पोहायला हरकत नाही, शांत पाण्यात. पण विहिरीत उडी? त्यांनी चष्म्यावरून आधी हिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, जणू कल्पना माझी होती.

काकूंना हे कळल्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या. चिंच, माती, जळका भात, सगळं त्यांनी ऐकलेलं. विहिरीचे डोहाळे पहिल्यांदाच. शेवटी म्हणाल्या, "मग तुम्हीच मारा तिच्या वतीने."

एव्हाना पोटात हालचाल सुरू झाली होती. म्हणजे असं ती म्हणत होती. मला काहीच कळत नव्हतं. ती स्वयंपाकघरातून हाक मारायची, मी धावत जायचो, हात ठेवायचो, आणि आत सामसूम. मी हात काढला की पुन्हा सुरू. माझं मूल मला ओळखून गप्प बसतं, या निष्कर्षाला मी आलो होतो. माझ्या वाट्याला आलं ते फक्त डॉक्टरांच्या यंत्रातलं हृदयाचं धडधडणं. मिनिटाला दीडशेच्या आसपास. लोक म्हणतात घोड्याच्या टापांसारखं वाटतं. मला तर कुणीतरी लांबच्या वाड्यावर घुमट वाजवतंय असं वाटलं. पूर्वी त्या मातीच्या मडक्यावर घोरपडीचं कातडं लावत, आता बकऱ्याचं लावतात, आणि २०१९ पासून ते गोव्याचं वारसा वाद्य आहे. ही माहिती मी तिथेच, यंत्र चालू असताना सांगितली. बायको म्हणाली, "आता जरा गप बस."

शिवाय फोनवरचं ते ॲप. दर आठवड्याला ते बाळाचं माप फळांत सांगतं. वाटाणा, लिंबू, पेर, मग ॲव्होकाडो. शिवोलीला ॲव्होकाडो कुणी पाहिलेला? सासूबाईंना मी ते आंब्यात करून सांगायचो. म्हणजे आधी मुसराद की मानकुराद, हे ठरवायला लागायचं. मला हसू यायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. अलीशिबेने बाळाची उडी जाणवल्याबरोबर मरियेला जे म्हटलं, तुझ्या उदराचं फळ धन्य, ते आम्ही प्रत्येक नमो मरिया प्रार्थनेत म्हणतो. एका तेर्सात, म्हणजे एका जपमाळेत, ५३ वेळा. ॲपवाल्यांनी काही नवं केलेलं नाही.

त्या सगळ्या गोष्टीत माझा जीव मात्र अडकला आहे तो जखऱ्यात. अलीशिबेचा नवरा. देवदूत त्याला सांगतो की तुला मुलगा होणार. हा म्हातारा, बायको म्हातारी. तो म्हणतो, हे कशावरून? एवढ्यावर त्याची वाचा जाते. बायकोचे दिवस भरेपर्यंत मुका. मरिया येते, दोघी बोलतात, गातात, पोटातलं बाळ उडी मारतं, आणि हा त्याच घरात कुठेतरी असणार, खुणा करत. त्याला कुणी बोलावून पोटावर हात ठेवायला सांगितलं होतं का, हे काही लिहिलेलं नाही. बाळ जन्मल्यावर नावाचा वाद होतो तेव्हा तो पाटी मागवतो आणि लिहितो, याचं नाव योहान. मग वाचा येते. मला वाटतं, ती शिक्षा नसावी. नऊ महिने नवऱ्याने काय करावं याची ती सूचना असावी.

(योहान म्हणजेच जॉन, म्हणजेच जुवांव. मुलगा झाला तर हेच नाव ठेवा असं सासऱ्यांचं म्हणणं आहे. मी पाटीची वाट पाहतोय.)

सांजांवच्या दिवशी पाऊस सकाळपासून धो-धो. सासुरवाडीला पोचलो तर मामा दारात उभी. माझ्या सासूबाईंना घरात सगळे मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. मामा स्वयंपाकघरात पातोळ्या वाफवते आहे, हे वाक्य मी वसईला फोनवर सांगितलं तेव्हा आईने दोनदा विचारलं, कोणाचा मामा? मामाने माझ्या डोक्यावर कोपेल ठेवली. झेंडू, तेरडा, आणि कानात शिरणारी कसली तरी वेल. म्हणाली, "भियेवं नाका, पुता." घाबरू नकोस. म्हणजे चेहऱ्यावर दिसत होतं.

मग ते आले, पावसात नखशिखान्त भिजलेले, माडाचे पिडे, म्हणजे झावळ्यांचे दांडे, जमिनीवर आपटत, विवा सांजांव करत. माझ्या कमरेला ट्रकची ट्यूब, ट्यूबला दोर, दोराच्या टोकाला मेव्हणा, मेव्हण्याच्या हातात ग्लास. यातल्या कुणावर भरवसा ठेवायचा तर ट्यूबवर. बायको छत्री घेऊन काठापासून चार पावलांवर उभी. तिथून पुढे यायचं नाही अशी तिला मामाची ताकीद होती. ती काही बोलली नाही. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती, पाण्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडाला अक्षरशः पाणी सुटलेलं मला दिसलं. कैरीकडे बघावं तसं ती विहिरीकडे बघत होती.

मी मारली उडी. आता मारली म्हणा, पडलो म्हणा. आईने सांगितलेलं ते तळाचं कुणीतरी क्षणभर आठवलं, मग काहीच आठवलं नाही. कानात तो आवाज झाला. ती म्हणायची तोच, बंद, जाड, सगळीकडून येणारा. वरचे घुमट, पाऊस, आरडाओरडा, सगळं भिंतीपलीकडचं. मग ट्यूबने मला बुचासारखं वर काढलं, नाकातोंडात पाणी, कोपेल भलतीकडे तरंगत गेलेली, आणि वर सगळी शिवोली हसत होती.

वर आल्यावर तिने एवढंच विचारलं, "आवाज आला?"

"आला."

"तसाच येत असेल का आत?"

मी टॉवेल शोधत राहिलो.

नंतर मला सर्दी झाली ती आठवडाभर. काकूंनी आल्याचा काढा दिला आणि डोहाळे पुरवल्याबद्दल मला मनापासून शाबासकी दिली. बाळाच्या कानाची काळजी मिटली. पण बाळ माझ्या हाताखाली गप्पच. उडी मारल्यावर काहीतरी होईल अशी माझी अंधुक समजूत होती. ती कुठून आली होती कोण जाणे.

जुलैच्या मध्यावर, एका शनिवारी, शिवोलीला मुक्काम होता. संध्याकाळी तेर्स. त्या घरात सासरे अर्धं नमान, म्हणजे नमो मरियाच, म्हणतात आणि बाकीचे उरलेलं अर्धं म्हणून उत्तर देतात, कोकणीत. मी माझं मराठीत म्हणतो. सुरुवातीला मेव्हण्याने चिडवलं होतं, तेव्हा त्याला मी सांगितलं होतं की इथल्याच रायतूरला १६१६ साली फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण छापलं गेलं, ते मराठीत. तेव्हापासून तो चिडवत नाही, पण माझं मराठी नमो त्यांच्या कोकणी नमानाच्या दोन शब्द मागे संपतं ते संपतंच. आमेनला गाठ पडते.

जपमाळेच्या तिसऱ्या दशकात, म्हणजे तिसऱ्या दहा मण्यांत, बाहेर बेडूक आणि आत मेणबत्ती असताना, बायकोने शेजारून माझा हात ओढला आणि गाऊनवरून डाव्या बरगडीखाली दाबून धरला. मी सवयीने थोडा वेळ ठेवणार आणि काढून घेणार होतो. तेवढ्यात आतून कुणीतरी तळहाताला टिचकी मारली. एकदा. मग थांबून दुसऱ्यांदा, जरा रागाने.

सासऱ्यांनी अर्धं नमान म्हटलं. उत्तरं आली. माझं आलं नाही. पुढचं आलं, त्यालाही आलं नाही. मामाने चष्म्यावरून पाहिलं, बायकोच्या पोटावरचा माझा हात पाहिला, आणि तिसऱ्या वेळी ती दोन शब्द मुद्दाम मागे राहिली, आणि माझ्या वाटचं अर्धं, मोडक्यातोडक्या मराठीत, तिने म्हणून टाकलं. सासऱ्यांनी मणी पुढे सरकवला.