आईच्या रक्तातला जंतू आणि खिडकीवरचं ‘कंटॅमिनेशन’

लेप्टो आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. टायफॉइड तर घरटी एकाला होऊन गेलेला असतो. मेलिऑइडोसिस हे नाव मात्र मी स्वतः यंदाच्या पावसापर्यंत ऐकलं नव्हतं. तो एका जंतूमुळे होतो, जंतू याच चिखलात असतो, आणि त्याचं नाव आईच्या कागदावर उमटायला आम्हाला जे करावं लागलं ते लिहितोय. राग अजून पुरता गेलेला नाही, तेव्हा कुठे भाषा तिखट झाली तर सांभाळून घ्या.

आमचं गाव कुडाळ तालुक्यात. आईला मधुमेह बऱ्याच वर्षांचा, पण लावणीत ती कुणाचं ऐकत नाही. तरवा काढण्यापासून शेवटचा कुणगा लावून होईपर्यंत अनवाणी. लावणी आटोपली आणि ताप सुरू झाला. लेप्टोच्या गोळ्या झाल्या. विडाल टेस्ट झाली, ती ‘पॉझिटिव्ह’ आली, म्हणून टायफॉइडचं सलाईन झालं. (एकट्या विडालवर टायफॉइड ठरवू नका. आधी होऊन गेलेला ताप किंवा लस यांमुळेही ती पॉझिटिव्ह दिसते. खरी तपासणी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखणं, आणि तीही अँटिबायोटिक सुरू होण्याआधी.) ताप संध्याकाळी चढायचा, वजन उतरत होतं. एक्स-रेत फुफ्फुसाच्या वरच्या बाजूला डाग दिसला आणि सगळ्यांनी एका सुरात टीबी म्हटलं. थुंकीची सीबीनॅट (टीबीचा जंतू शोधणारी मशीनवरची तपासणी) निगेटिव्ह आली तरी टीबीची औषधं सुरू करायची भाषा चालली होती. आईचं एकच पालुपद: “माका टीबी नाय. टीबीवाल्याक भूक लागणा नाय, माका लागता.”

सुदैवाने तालुक्याला नव्याने आलेले एक फिजिशियन भेटले. किनारी कर्नाटकात शिकलेले. त्यांनी फाइल उघडायच्या आधी आईच्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, “आजी, यंदा लावणी केलीत?” सोनोग्राफीत प्लीहेत बारीक गळवं निघाली. त्यांनी ब्लड कल्चर लिहून दिलं: दोन्ही हातांतून वेगवेगळं रक्त, वेगवेगळ्या बाटल्यांत.

इथून पुढे ती खिडकी.

आमच्याकडे कल्चर करणारी लॅब नाही. बाजारपेठेत एक नमुना संकलन केंद्र आहे, तिथून बाटल्या घाटावर जातात. पहिल्याच दिवशी खिडकीतल्या मुलीने बाटल्या उचलून फ्रिजमध्ये ठेवायला घेतल्या. डॉक्टरांनी मला बजावून ठेवलं होतं म्हणून मी ओरडलो. ब्लड कल्चरची बाटली बाहेरच ठेवायची असते, थंडीत जंतूंची वाढ मंदावते. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्या खुर्चीवर बसायला आलोय. त्यात घाटात दरड. बाटल्या निघाल्या कधी, पोचल्या कधी, काही पत्ता नाही. विचारलं की उत्तर एकच: “प्रोसेसमध्ये आहे.”

शेवटी रिपोर्ट मोबाइलवर आला. ‘ग्राम-निगेटिव्ह बॅसिलाय. स्यूडोमोनास स्पीशीज. बहुधा कंटॅमिनेशन.’ म्हणजे रक्त काढताना कातडीवरचं किंवा बाहेरचं काहीतरी बाटलीत गेलं असावं, दुर्लक्ष करा. मला तर हायसं वाटलं होतं. डॉक्टरांना वाटलं नाही. ते म्हणाले, दोन्ही हातांच्या बाटल्यांत तोच जंतू उगवलाय, कंटॅमिनेशन असं जोडीने येत नाही.

मग त्यांनी मला तोच रिपोर्ट वाचून दाखवला. ग्राम-निगेटिव्ह बॅसिलाय म्हणजे काडीच्या आकाराचे, ग्रामच्या रंगात गुलाबी दिसणारे जंतू. हान्स क्रिश्चन ग्रामने ही रंगवायची रीत १८८४ मध्ये दिली. या वर्गात टायफॉइडचा साल्मोनेला येतो, लघवीच्या इन्फेक्शनचा ई. कोलाय येतो, न्यूमोनियाचा क्लेबसिएला येतो, त्यामुळे नुसतं ‘गुलाबी काडी’ म्हणून काही कळत नाही. खालचा औषधांचा तक्ता बघायचा. जेंटामायसिनपुढे ‘आर’ (औषध चालत नाही), कोलिस्टिनपुढेही ‘आर’, को-ट्रायमोक्साझोलपुढे ‘एस’ (चालतं). “ऑक्सिडेज या लॅबमधल्या चाचणीत पॉझिटिव्ह काडी, जेंटामायसिन आणि कोलिस्टिन दोन्हींना दाद देत नाही, आणि पेशंट भातशेतीतली मधुमेही. मेलिऑइडोसिसचा जंतू, बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलिआय, नसेल तर मला आश्चर्य वाटेल,” ते म्हणाले, आणि निकालाची वाट न बघता त्यांनी सेफ्टाझिडिमची इंजेक्शनं सुरू केली. टीबीची औषधं बाजूला राहिली.

पण नाव पक्कं हवं होतं, कारण नावावर उपचाराची लांबी ठरते. आणि त्यासाठी लॅबमधली ती प्लेट, म्हणजे आईच्या रक्तातले जंतू वाढवलेली बशी, हवी होती. हे कुणी सांगत नाही, म्हणून ठळक लिहितो: रिपोर्ट ‘फायनल’ झाला की वाढवलेले जंतू काही दिवसांत ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने मारून) कचऱ्यात जातात. शंका असेल तर त्याच दिवशी लॅबला लेखी कळवायचं की प्लेट टाकू नका.

मी खिडकीवर गेलो. “रिपोर्ट फायनल झालाय.” प्लेट ठेवा म्हणावं. “ते लॅबकडे.” लॅबचा नंबर द्या. “पेशंटला देत नाही.” मग कुणाला देता? “डॉक्टरांचं पत्र आणा.” पत्र नेलं. त्यावर रजिस्ट्रेशन नंबर नाही. माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. तिथेच बसून पत्र नव्याने टाइप केलं, नंबर टाकला, सही-शिक्का घेऊन पुन्हा गेलो. आता म्हणे पत्र इथे घेत नाही, मेल करा. मेल केला, तर आपोआप उत्तर: आपली विनंती आम्हाला मिळाली आहे. आणि खिडकीत दुपारी जेवणाची सुट्टी, बाहेर धो धो पाऊस, छपराच्या पन्हळीतून पाणी नेमकं रांगेत उभ्या असलेल्यांच्या डोक्यावर. एक बाई आपल्या मुलाचा रिपोर्ट मागत होती, तिलाही “प्रोसेसमध्ये.” त्या दिवशी मी तिथे जे बोललो ते इथे छापण्यासारखं नाही आणि त्याचा मला पश्चात्तापही नाही.

काम झालं ते डॉक्टरांच्या एका वर्गमित्रामुळे. त्याच्या ओळखीतून घाटावरच्या लॅबमधल्या मायक्रोबायोलॉजिस्ट बाईंचा थेट नंबर मिळाला. त्यांनी फोनवर दोन मिनिटांत ऐकून घेतलं. प्लेट अजून होती! त्यांनीच सांगितलं की हा जंतू मशीनलाही चकवतो, कधी स्यूडोमोनास तर कधी बर्कहोल्डेरिया सेपेशिया अशी नावं पडतात, आणि बरेचदा कंटॅमिनेशन समजून सोडून देतात. जास्त दिवस ठेवला की कोरड्या, सुरकुतलेल्या वसाहती दिसतात. त्यांनी तो मोठ्या लॅबकडे पुढच्या तपासणीला पाठवला आणि आपल्या माणसांना सुरक्षित कॅबिनेटमध्येच काम करायला लावलं. बाईंबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांच्यात आणि माझ्यात ती खिडकी होती, एवढीच तक्रार.

निकाल आला: बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलिआय. हा आजार १९१२ मध्ये रंगूनहून व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी पहिल्यांदा नोंदवला. भारतातली नोंद १९९१ ची, तीही मुंबईतल्या एका मुलाची. त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर तो सापडतच आलाय. २०१६ मधल्या एका अंदाजानुसार जगात दरवर्षी १ लाख ६५ हजार लोकांना तो होतो आणि ८९ हजार दगावतात. हे आकडे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही.

उपचार थोडक्यात: शिरेतून सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम किमान दहा ते चौदा दिवस, आत गळवं असतील तर आणखी. त्यानंतर को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या किमान तीन महिने. ताप उतरला म्हणून गोळ्या सोडल्या तर आजार उलटतो. आईने मध्येच “माका आता बरा वाटता, कित्या व्हये गोळये?” सुरू केलं होतं, तेव्हा डॉक्टरांनी तिला स्वतः फोन केला. गोळ्या चालू असताना किडनी आणि पोटॅशियमची रक्ततपासणी करत राहायची, अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी दाखवायचं.

एक राहिलं. शेजाऱ्यांनी आईची ताटवाटी वेगळी ठेवायला सांगितली होती. गरज नाही. हा एका माणसातून दुसऱ्यात सहसा जात नाही, तो माती-पाण्यातून येतो. मधुमेह असेल त्यांनी चिखलात उतरताना गमबूट घालावेत, पायाला जखम असेल तर उतरूच नये. आईसाठी मी गमबूट आणलेत. पुढच्या लावणीला ती ते घालेल का, यावर घरात पैज लागली आहे.

आणि सुधारित रिपोर्ट हवा असेल तर मागावा लागतो, आपण होऊन देत नाहीत. आमचा मी मागितलाय. सध्या प्रोसेसमध्ये आहे.