नऊ रुपयांची पट्टी

मी महाराजा सयाजीराव विद्यापीठात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. संध्याकाळी चार ते नऊ वडोदऱ्यातल्याच एका स्वस्त किराणा स्टोअरमध्ये बिलिंगला बसतो. बसतो म्हणायचं, खुर्ची नसतेच.

२२ सप्टेंबर २०२५, सोमवार. घटस्थापना आणि जीएसटीचे नवे दर एकाच दिवशी. त्या दिवशी आम्हाला सकाळी सहालाच बोलावलं. टूथपेस्ट, साबण, शाम्पू, केसांचं तेल १८ टक्क्यांवरून ५ वर आलं होतं, तूप १२ वरून ५ वर. पाकिटांवर छापलेली जुनी एमआरपी तशीच होती, नवा भाव फक्त कॉम्प्युटरमध्ये. म्हणून रॅकवरच्या पट्ट्या बदलायच्या. तांबड्या 'बचत'च्या पट्ट्याही काढायला सांगितल्या, पण त्यांच्या जागी लावायला काहीच दिलं नाही. मी विचारलंही नाही. झोप डोळ्यांवर होती.

संध्याकाळी उपासाच्या सामानाला झुंबड. मराठी गिऱ्हाईक भगर मागतं, गुजराती मोरैयो, पाकीट एकच. त्यात पेस्टवरून वाद. "तेरा टक्के कमी झाले ना? मग शंभराची पेस्ट सत्त्याऐंशीला द्या." हे त्या दिवशी निदान वीस जणांनी ऐकवलं असेल. मी रद्द बिलाच्या पाठीवर मांडून दाखवायचो: शंभरात कर आधीच धरलेला आहे. १०० ला १.१८ ने भागा, ८४.७५ येतात. त्यावर ५ टक्के लावा, ८८.९८. म्हणून ८९. खोटं कशाला बोलू, चारचौघांत मिरवायला मिळत होतं.

सातच्या सुमाराला दांडिया बाजारातल्या एक आजी आल्या. राजगिरा, शेंगदाणे, तूप आणि तीच पेस्ट. माझं गणित सुरू होताच त्यांनी हात वर केला.

"कळलं रे बाळा. पस्तीस वर्षं शाळेत गणितच शिकवलंय मी. तू हे बघ."

कापडी बटव्यातून त्यांनी चार घड्या घातलेलं ऑगस्टचं बिल काढलं. आमच्याच दुकानाचं. शाई इतकी उडालेली, की मला ते ट्यूबलाइटकडे तिरकं धरावं लागलं. एमआरपी १००, आमचा भाव ९१.

"आज ८९. सरकारनं अकरा सोडले, माझ्या हातात दोन पडले. मधले नऊ कुठे गेले?"

मी सुपरवायझरकडे बघितलं. "स्कीम पती गई, बा," तो म्हणाला, म्हणजे संपली, आणि पुढच्या ट्रॉलीकडे वळला. एमआरपीच्या खाली किती उतरायचं ही दुकानाची मर्जी, हे मलाही ठाऊक होतं. पण तेवढं मात्र मला मराठीत त्यांना सांगता येईना. काउंटरखालच्या खोक्यात सकाळी मीच काढलेल्या पट्ट्या होत्या. वरचीच तांबडी: 'बचत ९ रुपये'. पायानं खोकं आत सरकवलं.

आजींनी पैसे मोजून दिले, पेस्टसकट. "बिल जरा गडद छाप. मागचं पुसट आलं होतं."

रोल बदलून दिलं. त्यांनी दोन्ही बिलं एकत्र घडी करून बटव्यात घातली. मागच्या बाई केव्हाच्या विचारत होत्या, "भाई, मोरैयो क्यां छे?"