मोटर फुल्ल, तरी ओंडका फुटेना

‘प्रेशर न्हाई’ एवढंच सांगत माणूस वर्कशॉपात आला की निम्म्या वेळा पंपाचा बळी जातो. पंप महाग, पंप आतून दिसत नाही, आणि ‘पंप बदलला’ म्हटल्यावर गिऱ्हाईकाला बिलही पटतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हायड्रॉलिकच्या, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या मशीनच्या दुरुस्तीत माझं निम्मं आयुष्य गेलं. प्रेस, ट्रॉलीचे जॅक, फौंड्रीतले पॉवरपॅक असलं सगळं येतं. पण लाकूड फोडायचं मशीन तोवर हाताखालून गेलं नव्हतं.

मशीन होतं फुलेवाडीच्या पुढं, गगनबावडा रस्त्याच्या कडेला असलेल्या एका वखारीत. मालकांना आम्ही आण्णा म्हणतो. बेकऱ्या, मटणाच्या खानावळी, लग्नाचे आचारी हे त्यांचं गिऱ्हाईक. मे महिना चालू होता. पावसाच्या आत जळण फोडून छपराखाली रचायचं, म्हणून त्यांनी हे मशीन सेकंडहँड उचललं होतं. आडवा बीम, त्याच्या एका टोकाला पाचर, दुसऱ्या टोकाला सिलिंडर, खाली टाकी आणि पाच एचपीची थ्री फेज मोटर.

“बगा मिस्त्री, रिकामं कसं सटासट पळतंय,” असं म्हणत आण्णांनी लिव्हर ओढला. खरंच पळालं. मग गड्यानं बाभळीचा गाठीचा बुंधा ठेवला. रॅमनं, म्हणजे सिलिंडरच्या पुढं-मागं होणाऱ्या दांड्यानं, तो पाचरीवर नेऊन टेकवला, पाचर बोटभर आत गेली आणि सगळं तिथंच थांबलं. रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे लावलेल्या प्रेशरच्या वर गेलं की तेल टाकीत सोडून देणारा, सूं करून ओरडायला लागला.

“पंप गेलाय की वो. दोघं मिस्त्री हेच सांगून गेल्यात. एक म्हनला सिलिंडरचं सील बी गेलंय, म्हणून किट आनून ठेवलंय.”

किट टेबलावर होतंच, पुडकं न फोडलेलं.

मी पहिल्यांदा टाकीचं झाकण काढलं. तेल ६८ नंबरचं, रंग बरा, फेस नाही. पंप सक्शनला, म्हणजे तेल ओढायच्या बाजूला, हवा खेचत असेल तर तेलावर फेस येतो आणि पंप किंचाळतो, तसलं काही नव्हतं. पाणी गेलं असेल तर तेल पांढरं पडतं. २०१९ च्या महापुरानंतर तसलं पांढरं तेल मी इतकं उपसलंय की झाकण उघडल्या उघडल्या नजर तिकडंच जाते. स्ट्रेनर, म्हणजे तेलाची गाळणी, काढून पुसला, त्यात थोडा गाळ होता, पण तो काही रोग नव्हता.

मग पंप आणि व्हॉल्व्हच्या मध्ये टी टाकून गेज लावला. हे दोघा मिस्त्रींपैकी कुणीच केलं नव्हतं, आणि मला त्याचाच राग येतो. गेज लावायला फार वेळ लागत नाही. त्याच्याशिवाय बोलणं म्हणजे नुसता अंदाज, आणि त्या अंदाजाचे पैसे मात्र गिऱ्हाईक भरतं.

बुंधा अडकल्यावर काटा ८० किलोवर येऊन थांबला, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ८० किलो. सिलिंडर आतून १०० मिलिमीटरचा, म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटीमीटर. त्याला ८० नं गुणलं की सव्वासहा टन येतात. गुलमोहराला, आंब्याच्या सरळ फांदीला एवढे पुरतात. गाठीच्या बाभळीला नाही. मशीनच्या पाटीवर मात्र ‘२० टन’ असं ठसठशीत लिहिलं होतं. ह्याच सिलिंडरातून वीस टन काढायचे तर २५५ किलो प्रेशर लागेल. ते ह्या मशीनला जन्मात कधी मिळालं नसणार. पाटीवरचे टन हे पाटीवरचेच.

सील बघायचं सोपं आहे. रॅम पूर्ण बाहेर काढला, मागं येण्याच्या बाजूचा होज (तेलाचा रबरी पाइप) सोडून त्याच्या तोंडाला प्लग मारला, सिलिंडरचं भोक उघडं ठेवलं आणि लिव्हर पुढं धरून ठेवला. पिस्टनचं सील गेलं असतं तर त्या भोकातून तेलाची धार लागली असती. चार थेंब पडले आणि थांबले. “आण्णा, किट परत द्या, पैसे मागा,” म्हटलं.

आता राहिले पंप आणि रिलीफ. रिलीफची लॉकनट ढिली करताना तिच्या कडांवर पान्याचे ताजे ओरखडे दिसले. अलीकडंच कुणीतरी हिला हात लावला होता. मी ॲलन कीनं आतला स्क्रू थोडा आत घेतला. काटा लगेच वर गेला, १०० आणि मग १२०. म्हणजे पंप प्रेशर काढतोय. मेलेला पंप असा वर जात नाही.

आण्णांचा चेहरा खुलला. “मग ठेवा की तिथंच!”

मिनिटभरात स्टार्टर पडला, मोटर बंद.

टाँग टेस्टर, म्हणजे वायरभोवती चिमटा लावून अँपिअर दाखवणारा मीटर, लावून पुन्हा पाहिलं. ८० किलोवर मोटर सात अँपिअरच्या पुढं खेचत होती. पाच एचपीच्या मोटरचा फुल लोड साडेसातच्या आसपास असतो. म्हणजे सव्वासहा टनांतच मोटर संपत होती. १२० वर साडेदहाच्या वर गेली, मग जास्त करंट गेला की मोटर तोडणारा स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले काय करणार? रिलीफ खाली आणणाऱ्यानं बहुधा रिलेकडंच बघून स्क्रू लावला होता. स्टार्टर पडायचा बंद झाला, तिथं नट आवळली आणि मशीन विकायला काढलं. विकणाऱ्याला दोष देत नाही, त्याला तरी कारण माहीत होतं की नाही कोण जाणे.

प्रश्न मात्र उरलाच. प्रेशर कमी, ताकद कमी, आणि मोटर फुल्ल. मग मोटरची शक्ती जाते कुठं?

तेलात जाते. पंप उतरवून त्याचा कोड बघितला तर १६ सीसीचा, म्हणजे एका फेऱ्याला १६ सीसी तेल. १४४० च्या स्पीडला मिनिटाला २३ लिटर. आमच्या धंद्यात एक तोंडी हिशोब आहे. लिटर गुणिले किलो, भागिले ४५०, की एचपी मिळतो. वर पंधरा टक्के नुकसान धरायचं. २३ लिटर आणि ८० किलो म्हणजे पावणेपाच एचपी. मोटर तिथंच भरली. १७५ किलो हवे असतील तर ह्याच पंपाला दहाच्या वर एचपी लागेल. पंप मेलेला नव्हता, मोठा होता. आण्णांना हे पचायला वेळ लागला, कारण मोठा पंप म्हणजे जास्त ताकद असंच सगळ्यांना वाटतं. त्यांना म्हटलं, नांगर लावून ट्रॅक्टर टॉप गिअरमध्ये टाकला तर काय होईल? लिटर म्हणजे वेग, किलो म्हणजे जोर, आणि दोन्ही एकाच मोटरमधून निघतात.

मग आण्णांनीच आठवून सांगितलं, विकणाऱ्यानं गुलमोहर फोडून दाखवला होता. रॅमचा वेग बघूनच ते भुलले होते.

पंपाच्या मागची पट्टी गॅस कटरनं कापलेली होती, कडा अजून खडबडीत. तिच्याखाली वेगळ्या मापाची जुनी भोकं होती. टाकीला सक्शनचं आणखी एक मोठं तोंड होतं, प्लग मारून बंद केलेलं. मूळचा पंप दोन टप्प्यांचा असणार. असल्या मशीनला बहुतेक तोच असतो. त्यात मोठा आणि छोटा असे दोन गिअरचे संच. ओंडका पाचरीला टेकेपर्यंत दोघांचं तेल मिळून रॅम पळतो. प्रेशर साधारण ४० किलोच्या वर गेलं की अनलोडिंग व्हॉल्व्ह मोठ्याचं तेल बिनदाबाचं टाकीत सोडून देतो, आणि छोटा एकटा सावकाश पण पूर्ण जोरानं रेटतो. तो पंप कधीतरी गेला असेल, तसाच मिळाला नसेल, आणि हाताला आला तो बसवला असेल.

इलाज तीन होते. दहा एचपीची मोटर बसवायची, म्हणजे लोड वाढवून घ्या, केबल बदला, स्टार्टर बदला. दुसरा, ६ सीसीचा छोटा पंप. त्याचे मिनिटाला साडेआठ लिटर, १७५ किलोला चार एचपीत काम भागतं. पण ५०० मिलिमीटरच्या स्ट्रोकला जायला जवळजवळ अर्धं मिनिट आणि परत यायला वीस सेकंद. आण्णा म्हणाले, “तेवढ्यात गडी तंबाखू मळून परत झोपतोय.”

तिसरा पटला. होता तो १६ सीसीचा ठेवायचा, त्याच्या पाठीला ६ सीसीचा जोडून डबल पंप करायचा, आणि मध्ये अनलोडिंग व्हॉल्व्ह व तेल उलटं येऊ न देणाऱ्या नॉन रिटर्नचा ब्लॉक. मागचं कव्हर, कपलिंग, ब्लॉक सगळं शिरोली आणि उद्यमनगरात जमलं. लेथवर एक ॲडॅप्टर फिरवून घेतला.

प्रेशर वाढवायच्या आधी होज बघितले. प्रेशर लाइनचा अर्ध्या इंचाचा होज तारेच्या एका जाळीचा होता. तो १६० बारपर्यंतचा, बार म्हणजे जवळपास किलोच. दोन जाळीचा घातला, तो २७५ पर्यंत चालतो. बीमच्या आणि पाचरीच्या वेल्डिंगवरून वायर ब्रश मारून तडे बघितले. आणखी एक गोष्ट दिसली. दोन्ही हात ओंडक्याला मोकळे राहावेत म्हणून गड्यांनी लिव्हर सुतळीनं बांधून ठेवायची सोय केली होती. ती सुतळी मी कापली आणि जरा मोठ्यानं बोललो. होज गळतोय का हे बोटानं चाचपायचं नाही, पुठ्ठा धरून बघायचं, हेही तेव्हाच सांगितलं. बारीक भोकातनं निघालेली तेलाची धार कातडी फोडून आत जाते. वरून सुई टोचल्याएवढं दिसतं आणि बोट जायची वेळ येते.

रिलीफ १७५ वर लावला. पावणेचौदा टन. गड्यानं न सांगता तोच बाभळीचा बुंधा आणला. रॅम झपकन गेला, टेकला, गेज ४० च्या वर चढताच आवाज बदलला आणि वेग पडला. काटा १५० च्या पुढं गेला, लाकडातून एक कडकडाट झाला, बुंधा गाठीतूनच दुभंगला आणि लगेच रॅम पुन्हा पळायला लागला. मोटर पाच-सहा अँपिअरच्या पुढं गेली नाही.

दुपारभर चालवल्यावर टाकीला हात लावून बघितलं. गरम होती, पण हात ठेवता येत होता. आधी सगळं तेल ८० किलोवर रिलीफमधूनच शिट्टी मारत टाकीत जायचं, त्यानं टाकी तापायची. ते आता थांबलं होतं.

आण्णांना एवढ्यावर समाधान नव्हतं. बेकरीवाल्याला बारीक फाळ्या लागतात, तेव्हा चार पात्यांची पाचर बसवा म्हणाले, एका दणक्यात चार तुकडे. बाभळीला ते ह्या सिलिंडरनं व्हायचं नाही, असं स्पष्ट सांगितलं. ओल्या, सरळ निलगिरीपुरती करून देतो, पण काढता-घालता येणारी, आणि तीही पाऊस संपल्यावर. ॲडव्हान्स त्यांनी तिथंच काढून दिला.